‘मुंगी शिवत नाही ते विष’ : शुगर फ्रीच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात कोल्हापूरला आत्याकडे गेले होते. तिला डायबेटीस होऊन अकरा वर्षं झाली. सकाळी तिने चहा ठेवला आणि कपाशेजारी ती नेहमीची छोटी डबी दिसेना, वरून दाबलं की टिक्‌ करून एक गोळी चहात पडते ती. तिच्या जागी वाटीत किसलेला गूळ. मी विचारलं तर म्हणाली, "टाकून दिली गं ती डबी. विष असतं म्हणे ते. गूळ घेते आता, घरचाच आहे, नॅचरल." मग मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. मला स्वतःला तो तीन ग्रुपवर येऊन गेलाय, मी दरवेळी न वाचता डिलीट केला, आणि आता वाटतं तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेसेज म्हणतो की शुगर फ्री गोळ्यांमधलं आणि डाएट कोल्ड्रिंकमधलं, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते अ‍ॅस्पार्टेम हे विष आहे कारण त्याला मुंगीसुद्धा शिवत नाही, डब्ल्यूएचओने त्याला कॅन्सरचं कारण ठरवलंय, अमेरिका-युरोपात त्याच्यावर बंदी आहे, गरम चहात टाकलं की त्याचं फॉर्मॅलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) होतं आणि डोळे जातात, मेंदूचे आजार होतात, आणि शेवटी मोठ्या अक्षरात, ‘डायबेटीस असणाऱ्यांनी निर्धास्तपणे गूळ आणि मध घ्यावा, नैसर्गिक साखर अपाय करत नाही’.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं नुसतं चुकीचं आहे पण ही ओळ माणसाचं वाटोळं करणारी आहे.

गूळ म्हणजे उसाचा रस आटवलेला. साखर पण उसाच्याच रसाची. गुळात साधारण दोन तृतीयांश ते पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत सुक्रोज असतं, म्हणजे आपल्या डब्यातली साखर ज्याची बनलेली असते तेच. वर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज वेगळं. शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी, शंभर ग्रॅम साखरेत ४००. एवढाच फरक! मधात ८० टक्के साखरच असते. हां, गुळात थोडंफार लोह आहे, खनिजं आहेत, हे मान्य, चवीला तर तो चांगला आहेच आणि कोल्हापूरच्या माणसाला गुळाचं कौतुक मी काय सांगणार. पण रक्तात गेल्यावर तो ‘मी गुऱ्हाळातून आलोय’ म्हणून वेगळा वागत नाही. आत्या दिवसाला पाच कप चहा पिते. प्रत्येक कपात दोन चमचे, धरा दहा ग्रॅम. म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम गूळ, १९० कॅलरी, आणि जवळजवळ सगळी साखर, जी आधी शून्य होती. असं तिने सात आठवडे केलं. उपाशीपोटीची शुगर जी १३०-१४० असायची ती २०८ आली. मी रिपोर्ट हातात घेऊन बघत बसले. रात्री तळपाय जळजळतात म्हणून ती आधीच तक्रार करत होती, पण त्याचा आणि गुळाचा संबंध असू शकेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण मेसेजमध्ये ‘निर्धास्तपणे’ लिहिलं होतं ना.

ज्याने हे लिहिलं त्याने एका क्षणासाठी तरी विचार केला का की हे वाचणारा माणूस खरंच आजारी असेल? डायबेटीस डोळ्यांवर जातो, किडनीवर जातो, पायाची जखम भरत नाही. घराघरात बघतो आपण हे. अशा माणसाला गूळ निर्धास्त खा म्हणून सांगणं हा गुन्हाच आहे माझ्या मते.

आता कॅन्सर. यात अर्धं खरं आहे म्हणून हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो.

जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्याच दोन समित्यांनी एकाच दिवशी अ‍ॅस्पार्टेमबद्दल निष्कर्ष जाहीर केले. एक, कॅन्सरवर काम करणारी आयएआरसी. तिने अ‍ॅस्पार्टेम ‘२ बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कॅन्सरकारक असण्याची शक्यता आहे’. लिव्हरच्या एका प्रकारच्या कॅन्सरबद्दल मर्यादित पुरावा मिळाला म्हणून. दुसरी, अन्नातल्या पदार्थांचं सुरक्षित प्रमाण ठरवणारी जेक्फा. तिने सगळा पुरावा बघून सांगितलं की आधीची मर्यादा बदलायचं कारण दिसत नाही, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलीग्रॅमपर्यंत चालेल. मेसेजवाल्याने पहिली समिती घेतली आणि दुसरी गिळून टाकली, एकाच दिवशी एकाच संस्थेने जाहीर केलेल्या दोन गोष्टींपैकी एकच सांगायची याला मी तरी चूक म्हणणार नाही, ही लबाडी आहे.

आणि ते गट म्हणजे काय हे पण समजून घ्या. एखादी गोष्ट किती धोकादायक आहे याची ती उतरंड नाहीये. कॅन्सर होतो या म्हणण्याला पुरावा किती पक्का आहे याचे ते गट आहेत. २ बी म्हणजे पुरावा कच्चा आहे, अजून अभ्यास हवा. याच २ बी मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आणि ज्या ग्रुपवर हा मेसेज आला तिथेच आठवड्यातून दोनदा कोरफडीचा रस प्या म्हणून मेसेज येतात. गट १ म्हणजे पुरावा पक्का. त्यात तंबाखू आहे, दारू आहे, आणि सुपारी आहे. नुसती सुपारी, तंबाखू नसलेली सुद्धा.

आत्याकडे जेवण झालं की पितळी अडकित्ता निघतो. आजीचा आहे तो, मुठीजवळ झिजून गुळगुळीत झालाय. ती बोलता बोलता सुपारी कातरते, पातळ पातळ चकत्या, सगळ्यांना एकेक देते आणि उरलेली स्वतः तोंडात टाकते. चाळीस वर्षं. आणि तिच्या पोरांपैकी, माझ्यासकट, तिला कोणी कधी ‘सुपारी सोड’ म्हणून मेसेज पाठवला नाही. ज्या आयएआरसीच्या नावाने तिने गोळ्या फेकल्या त्याच आयएआरसीने सुपारीला पक्क्या गटात टाकून वीस वर्षं झाली. हे तिला सांगताना मला रडू आलं, खरं सांगते.

प्रमाणाचं बोलू. आत्याचं वजन ५८ किलो. गुणिले ४० म्हणजे दिवसाला २३२० मिलीग्रॅम. तिच्या डबीवर एका गोळीत १८ मिलीग्रॅम अ‍ॅस्पार्टेम लिहिलंय. हिशोब करा, सव्वाशेच्या वर गोळ्या रोज, जन्मभर, तेव्हा कुठे मर्यादेला हात लागतो. ती सहा घ्यायची. डाएट कोल्ड्रिंकचं उदाहरण डब्ल्यूएचओनेच दिलंय, सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त प्यायले तर मर्यादा ओलांडेल, तेही बाकी कशातून अ‍ॅस्पार्टेम पोटात जात नाही असं धरून.

मुंग्यांचा मुद्दा मी खरं तर सोडूनच देणार होते पण आत्याला तोच सगळ्यात जास्त पटला होता. "जिला निसर्ग कळतो ती मुंगी शिवत नाही, आपण का खायचं?" असं तिने मला विचारलं. मुंगीला अन्न लागतं म्हणून ती साखरेकडे जाते. गोळीत तिला खाण्यासारखं फारसं काही नाही, आणि आपल्या जिभेला जे गोड लागतं ते प्रत्येक प्राण्याला गोड लागतंच असं नाही, उंदराला सुद्धा अ‍ॅस्पार्टेम गोड लागत नाही. मुंगी हळदीला लागत नाही, उलट आपण मुंग्या येऊ नयेत म्हणून कोपऱ्यात हळद टाकतो. म्हणून हळद विष झाली का? मुंगीवरून अन्न निवडायचं तर आपल्या ताटात साखर सोडून दुसरं काय उरेल सांगा.

फॉर्मॅलिन आणि डोळे. अ‍ॅस्पार्टेम पोटात गेल्यावर त्याचे तीन तुकडे होतात, फेनिलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आणि साधारण दहा टक्के मेथॅनॉल. पहिले दोन दूध, डाळ, अंडी सगळ्यात असतात. मेथॅनॉल म्हटलं की विषारी दारू आठवते, बरोबर आहे, पण प्रमाण बघा. एका कॅनमध्ये ३०० मिलीग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं तर मेथॅनॉल ३० मिलीग्रॅम. तेवढ्याच टोमॅटोच्या रसात याहून जास्त असतं. आत्याच्या एका गोळीतून दोन मिलीग्रॅम सुद्धा नाही. गरम चहाचं म्हणाल तर उकळताना गोळी टाकली तर अ‍ॅस्पार्टेम तुटतं आणि गोडी जाते एवढंच, विष होत नाही, म्हणून चहा गाळल्यावर कपात टाकायची. आणि ही गरम झाल्यावर फॉर्मॅलिन होण्याची गोष्ट नवीन नाहीये, १९९० च्या दशकाच्या शेवटी इंग्रजीत एक ईमेल अशीच फिरत होती, मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे तेच सगळे आजार त्यात होते. कोणीतरी त्याचं मराठी केलंय आणि खाली गूळ-मध जोडलाय. मेंदूच्या मुद्द्यावर म्हणून मी जास्त वेळ घालवत नाही.

बंदी? नाही. अमेरिकेत १९८१ पासून चालू आहे, कोल्ड्रिंकमध्ये १९८३ पासून. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये सगळं पुन्हा तपासलं आणि तीच ४० ची मर्यादा ठेवली. अमेरिकेत बंदी आली होती ती सायक्लामेटवर, १९६९-७० साली, तो दुसराच एक कृत्रिम गोड पदार्थ आहे. सॅकरिन या तिसऱ्या गोड पदार्थावर पण १९७७ मध्ये उंदरांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरवरून मोठा गोंधळ झाला, पाकिटावर इशारा छापायला लावला, नंतर कळलं की ते उंदरांच्या शरीरातल्या वेगळेपणामुळे होतं आणि २००० साली तो इशारा काढला. नावांची ही खिचडी करून मेसेज तयार होतो.

आता जे मान्य करायला हवं ते करते, मनाविरुद्ध का होईना. गोड गोळ्या म्हणजे औषध नाही. मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलंय की वजन कमी करायला म्हणून हे कृत्रिम गोड पदार्थ वापरू नका, लांबच्या मुदतीत फायदा दिसत नाही आणि काही अभ्यासात डायबेटीस आणि हृदयविकाराशी संबंध दिसतो. पण त्याच सल्ल्यात स्पष्ट लिहिलंय की ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांना हा लागू नाही. फ्रान्समध्ये एक लाखावर लोकांचा अभ्यास झाला, २०२२ चा, त्यात जास्त घेणाऱ्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त दिसलं. ते मी लपवणार नाही. पण अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, ज्यांचं वजन आधीच जास्त असतं तेच लोक डाएटचं पितात हा घोळ त्यात राहतोच, कितीही आकडेमोड केली तरी. इस्रायलमध्ये त्याच वर्षी १२० लोकांवर प्रयोग झाला, दोन आठवड्यांत सॅकरिन आणि सुक्रालोज या गोड पदार्थांनी काहींच्या आतड्यातले जंतू आणि शुगरचा प्रतिसाद बदलला. म्हणजे हे पदार्थ शरीरात काहीच करत नाहीत असं म्हणणाऱ्या जाहिराती पण खोट्या. लहान मुलांना देऊ नका, पाकिटावर तसं छापलेलंच असतं. फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असेल त्याला अ‍ॅस्पार्टेम खरंच चालत नाही, ते पण छापलेलं असतं, आणि आत्याला वाटलं हा इशारा सगळ्यांसाठी आहे.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. ‘शुगर फ्री’ मिठाईचा बॉक्स दिवाळीत आला की अर्धा एकट्याने संपवणारे माझ्या माहितीत आहेत. त्यात खवा असतो, तूप असतं, मैदा असतो, आणि बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ, ज्याने शुगर थोडी का होईना वाढते आणि पोटही बिघडतं. भीती घालायची तर याची घाला ना.

आत्याला मी एवढंच म्हटलं, बिनसाखरेचा चहा जमला तर सगळ्यात उत्तम, गोळ्यांची पण गरज नाही. नाही जमला तर गोळी घे, गूळ नको. तिने गोळी कपात टाकली, ढवळली, घोट घेतला आणि म्हणाली, "सात आठवडे उगीच घाबरले की गं मी." मेसेज तिला माझ्या चुलत भावाने पाठवला होता, प्रेमापोटीच पाठवला होता. त्याला मी हे सगळं लिहून पाठवतेय आणि खाली त्या २०८ च्या रिपोर्टचा फोटो लावतेय. अडकित्ता आत्याने स्वतःच कपाटात ठेवलाय. जेवण झाल्यावर बडीशेप मागते आता, पण हात अजून सवयीने पानाच्या डब्याकडे जातो.