‘एक अभियंता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ट्रिनिटी, म्हणजे जगातल्या पहिल्या अणुबॉम्ब चाचणीवरच्या लेखात मी लिहिलं होतं, की भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे सोडून स्फोटाची ऊर्जा अंदाजली. त्याखाली तुम्ही लिहिलंत : “फर्मीचे कागदाचे कपटे म्हणजे मोजमाप नव्हे, पोरखेळ. उत्तर निम्मंच आलं. मॅक लाटेचा [जमिनीवरून परतलेली दाबलाट मूळ लाटेत मिसळून होणारी जोरदार लाट] पत्ता नाही, आलेखाला एकक नाही. अभ्यास करून लिहीत जा.”

एकक राहिलं होतं, ते घातलं. आभार.

पण ‘अभ्यास करून’? अहो, दाबमापकांचं कॅलिब्रेशन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ऐन स्फोटाच्या क्षणी संवेदक मुका होतो आणि नोंदीत नुसती सरळ रेघ येते, ती एकदा पाहिलेला माणूस कपट्यांना हसत नाही. तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

16 जुलै 1945. फर्मी स्फोटापासून सुमारे 16 किलोमीटरवर होते. दाबलाट तिथे पोचायला जवळपास 40 सेकंद लागली. ती येण्याआधी, येताना आणि गेल्यावर त्यांनी कपटे सोडले. लाटेत सापडलेले सुमारे अडीच मीटर सरकले. त्यावरून अंदाज निघाला 10 किलोटनांचा, म्हणजे 10 हजार टन टीएनटी स्फोटकाइतक्या ऊर्जेचा. पुढे वर्षानुवर्षं मानला गेलेला आकडा 21. निम्मं, कबूल. पण ऊर्जा आठपट झाली की तोच दाब फक्त दुप्पट अंतरावर मिळतो, हा घनमुळाचा नियम तुम्हालाही ठाऊक असेल. त्या हिशेबाने ऊर्जेतली दुपटीची चूक अंतरात जेमतेम सव्वापट उरते. हातात कागदच असताना आणखी काय हवं होतं?

त्याच चाचणीत वेगवेगळ्या व्यासांच्या भोकांवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ताणून बसवला होता. मोठ्या भोकावरचा कमी दाबाला फाटतो, लहानावरचा तग धरतो. कुठवरचे फाटले ते पाहायचं, की कमाल दाब कळला. 1946 मध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांत ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम पेनी यांनी पेट्रोलचे रिकामे डबे मांडले आणि ते किती चेपले यावरून दाब काढला. पुढे ब्रिटनचा अणुबॉम्ब याच गृहस्थांच्या हाताखाली झाला. त्यांनाही पोरखेळ म्हणणार?

विजेवरची उपकरणं होतीच. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांच्या गटाची पॅराशूटने सोडलेली दाबमापकं हिरोशिमावरून रेडिओने नोंदी पाठवत होती. लेखाच्या उत्तरार्धात ते सगळं आहे. तिथवर तुम्ही पोचलात का, याची शंका येते.

मॅक लाट हा त्या लेखाचा विषयच नव्हता. पुढच्या लेखात घेतोय. तिथे टीका जरूर करा, फक्त टोपणनावाआडून नको.