सुट्टीच्या दिवसाचे १५ टक्के कुणाचे?

नाताळच्या आठवड्यात ताई पुण्याहून कोकणात गेली होती. मालवणजवळच्या एका खानावळीत चौघं जेवली आणि बिल आलं तेव्हा थाळीमागे दीडशे रुपये जास्त लावलेले. भिंतीवरच्या फळ्यावर मात्र जुनाच दर. विचारल्यावर उत्तर मिळालं, "सीझन रेट आहे." तिने बिलाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ही सरळ लूट आहे."

अर्ध्या तासात मामेभावाचं उत्तर आलं. त्याची तारकर्लीला छोटी खानावळ आहे. ताई जेवली ती वेगळी, पण झोंबलं त्याला. "ताई, पावसात कोण येता गो माझ्याकडे जेवूक?" मग दोन्हीकडून भरपूर लिहून झालं आणि शेवटी दोघांनीही मला मध्ये ओढलं. तुमच्या ऑस्ट्रेलियात सुट्टीच्या दिवशी जास्त पैसे घेतात ना, मग तूच सांग.

घेतात. मेलबर्नमध्ये सार्वजनिक सुट्टीला कुठल्याही कॅफेत गेलं तर बिलावर बहुधा १५ टक्के अधिभार असतो, रविवारी कित्येक ठिकाणी १० टक्के. त्यावरून भांडण झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही, कारण ही गोष्ट आत जाण्याआधीच कळते. अमुक दिवशी इतके टक्के अधिभार लागेल, हे मेन्यूवरच लिहावं लागतं, आणि तेही मेन्यूवरची सर्वांत ठळक किंमत जितकी ठळक असेल तितक्याच ठळकपणे. तळाशी बारीक अक्षरात लिहून भागत नाही. ज्याला परवडत नाही तो पुढे जातो.

पण पाटी हा या गोष्टीचा अर्धाच भाग. लोक हा अधिभार मुकाट्याने देतात त्याचं मुख्य कारण मजुरीत आहे. रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी इथे जो वेतन-निवाडा (अवॉर्ड) लागू आहे, त्यानुसार सार्वजनिक सुट्टीला काम करणाऱ्या कायम कामगाराला मूळ दराच्या सव्वादोन पट आणि कॅज्युअल, म्हणजे लागेल तसं तासांवर बोलावलेल्या कामगाराला अडीच पट पैसे द्यावे लागतात. याला इथे पेनल्टी रेट म्हणतात. सगळे समुद्रावर गेलेले असताना तुम्ही कॉफी करताय, तर त्या दिवसाची किंमत वेगळी, हा त्यामागचा विचार. इथे टिप देण्याची रीत फारशी नाही, त्यामुळे जे काही मिळायचं ते पगारातूनच.

हिशेबही मांडून बघा. समजा १०० डॉलरच्या बिलात ३० डॉलर मजुरीचे आहेत. सगळे कामगार कॅज्युअल असतील तर त्यांना साध्या दिवशीही मूळ दराच्या सव्वापट मिळतात, सुट्टीला अडीचपट; म्हणजे तेच ३० चे ६० होतात, ३० डॉलर वाढले. अधिभारातून आले १५. उरलेलं मालकाला गर्दीतून भरून काढावं लागतं आणि ते जमत नाही म्हणून कित्येक कॅफे सुट्टीला सरळ बंद असतात. हे कळलं की त्या १५ टक्क्यांचा राग येत नाही.

इथवर लिहून मी ताईला "बघ, इकडे कसं व्यवस्थित आहे" असं सांगून मोकळा झालो असतो. पण मला तसं करता येत नाही, कारण मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूलाही उभा राहिलो आहे.

विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा व्हिसावर पंधरवड्याला ४० तासच काम करता येई. तास मोजकेच, म्हणून सुट्टीची शिफ्ट म्हणजे आम्हा पोरांसाठी सोनं. पहिल्याच वर्षी २६ जानेवारीला, म्हणजे आपला प्रजासत्ताक दिन आणि इथला ऑस्ट्रेलिया डे, मला सकाळी दहा ते रात्री दहा बोलावलं. दारावर १५ टक्क्यांची पाटी होती. प्रत्येक टेबलाला मीच ती दाखवत होतो. एका आजींनी विचारलं, "हे तुम्हा मुलांना मिळतं ना?" मी हो म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. रात्री हातात रोख पैसे पडले ते नेहमीच्याच दराने, आणि तो नेहमीचा दरही कायद्याच्या किमान दराखाली होता. मी काही बोललो नाही. फी भरायची होती, व्हिसाची भीती होती, आणि तक्रार कुठे करायची तेही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी दुसरीकडे लागलो. तिथे पहिल्यांदा पगाराच्या चिठ्ठीवर सुट्टीचे तास वेगळे लिहिलेले, पुढे अडीचपट दर. ती चिठ्ठी मी अजून ठेवली आहे.

म्हणून परदेशातला अधिभार चांगला आणि आपल्याकडचा सीझन रेट म्हणजे लूट, असं मी म्हणणार नाही. पाटी तीच, टक्के तेच, पण एका ठिकाणी ते कामगारापर्यंत पोचले आणि दुसऱ्या ठिकाणी मालकाच्या खिशात राहिले. माझ्या मते पहिल्याला न्याय म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही. जाणूनबुजून पगार बुडवणं हा ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा आहे. तो कायदा आला त्या दिवशी मला त्या आजी आठवल्या.

आता मामेभावाचं. त्याचं म्हणणं मला निम्म्याहून जास्त पटतं. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद, पर्यटक नाही. दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यावर त्याला वर्ष काढायचं असतं. शिवाय नाताळात सुरमईचा भाव चढतो तो त्याच्या हातात नाही. पापलेटच्या पुढे मेन्यूवर 'साइजप्रमाणे' लिहिलेलं आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि दर विचारूनच मागवतो, तिथे कुणी लूट म्हणत नाही. हंगामाप्रमाणे दर बदलणं आपल्याला नवीन नाही. एसटीनेही दिवाळीत १० टक्के हंगामी भाडेवाढ केलेली आहे. चिडचीड होते ती खासगी बसवाले गणपतीत नि दिवाळीत अडलेल्या माणसाकडून मागतील तेवढे घेतात तेव्हा, आणि म्हणूनच राज्य सरकारने २०१८ मध्ये एसटीच्या भाड्याच्या दीडपट ही त्यांना मर्यादा घातली.

ताईचा रागही खोटा नाही. तिला दीडशे रुपये टोचले नव्हते, जेवून हात धुतल्यावर ते कळले हे टोचलं होतं. पोरांना घेऊन बसल्यावर, ताटं रिकामी झाल्यावर काय करणार? फळ्यावर नवा दर लिहिला असता तर तिने दिला असता, असं तिनेच नंतर मला फोनवर सांगितलं.

आपल्याकडे सर्व्हिस चार्जवरून झालेला वाद याच जागेवर येऊन थांबतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. निकाल मला योग्य वाटला. पण त्या सगळ्या चर्चेत संघटना म्हणत होत्या की पैसा कर्मचाऱ्यांचा आहे, ग्राहक म्हणत होते की सक्ती नको, आणि टेबल पुसणाऱ्या पोराच्या हातात त्यातलं नक्की किती पडतं हे दाखवा, असं ठामपणे विचारणारे फार थोडे दिसले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या ८ पगारी सुट्या आहेत, २६ जानेवारी त्यात आहे. पण किनाऱ्यावरच्या चार-पाच माणसांच्या खानावळीला त्या सुट्या लागूच होत नाहीत.

मी मामेभावाला एवढंच लिहिलं, की दर वाढव, पण आठ दिवस आधी फळ्यावर लिही, थाळीच्या दराएवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि चुलीपुढे ज्या दोन बायका दिवसभर मासे तळतात त्यांना त्या दहा दिवसांत किती जास्त देतोस ते मला सांग. पहिल्याला त्याने लगेच होकार दिला. दुसऱ्यावर संध्याकाळी फोन करून म्हणाला, "शेवटी साडी देतंय मी." मी म्हटलं, साडी दे, पण रोजची मजुरीही वाढव. तो गप्प राहिला, मग म्हणाला, बघतो.

मी अजून सुट्टीच्या दिवशी बाहेर खाल्लं की पैसे देताना काउंटरवरच्या मुलाला हळूच विचारतो, आजचा पेनल्टी रेट मिळतो ना रे? बहुतेक जण हसून हो म्हणतात. मागच्या वेळी एकाने आधी वळून किचनच्या दाराकडे पाहिलं, आणि मग हो म्हणाला.