जुना पूल पीसेकचा
लेखात प्रागच्या चार्ल्स पुलाला चेकियातला सर्वांत जुना दगडी पूल म्हटलंय, ते कृपया दुरुस्त करा. आज उभ्या असलेल्या पुलांत तो मान ओटावा नदीकाठच्या पीसेक गावाचा. तिथला पूल तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ची. ऑगस्ट २००२च्या महापुरात पाणी पीसेकच्या पुलावरून गेलं. कठडे तुटले, मूर्ती नदीत पडल्या, पण सातही कमानी टिकल्या. आणखी एक, चेक भाषेत पीसेक म्हणजे वाळू. या नदीच्या वाळूतून पूर्वी सोनं धुऊन काढत. तिथे गेलात तर काठावरच्या जुन्या गिरणीतलं १८८८चं जलविद्युत केंद्रही जरूर पाहा. चेक विद्युत अभियंते क्रझिझिक यांनी आदल्याच वर्षी या गावात रस्त्यांवर विजेचे दिवे लावले होते.