मोठ्या आतड्याची धुलाई आणि साचलेल्या विषाचा दावा

मोठ्या आतड्याच्या भिंतींना वर्षानुवर्षे पाच ते दहा किलो मळ चिकटून राहतो, त्यातील विषद्रव्ये रक्तात भिनतात, डोकेदुखी, थकवा, मुरुमे आणि वजनवाढ यांचे मूळ तेच आहे, आणि कोलन हायड्रोथेरपीच्या काही बैठकांत हे सारे कोमट पाण्याने नैसर्गिकरीत्या धुऊन निघते, अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर आणि जाहिरातींत सतत फिरत असतो. गुदद्वारातून नळी घालून यंत्राने आतड्यात पाणी सोडायचे आणि ते मळासह बाहेर काढायचे, असा हा उपचार आहे. एका बैठकीत टप्प्याटप्प्याने 60 लिटरपर्यंत पाणी वापरले जाते. ज्यांना खरोखरच पोटाचा त्रास आहे, तेच लोक या मजकुरावर विश्वास ठेवतात. म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

पहिले विधान चिकटलेल्या मळाचे. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्याच्या आतल्या अस्तरातील पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात. जो पृष्ठभाग स्वतःच इतक्या लवकर बदलतो, त्यावर वर्षानुवर्षांचा थर टिकू शकत नाही. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीत, असा थर दिसत नाही, हे दाखवून दिले की तपासणीपूर्वी दिलेल्या रेचकाने तो निघून गेला असेल, असे उत्तर मिळते. मात्र एका रात्रीत प्यायलेल्या औषधाने तो निघत असेल, तर यंत्राची गरज उरत नाही. शिवाय अपघातात पोटाला मार लागलेल्या रुग्णावर तातडीने शस्त्रक्रिया करताना आतडे साफ करायला वेळच नसतो, आणि शवविच्छेदनात तर अशी तयारी कधीच झालेली नसते. तेथे डॉक्टरांना मळ दिसतो, पण भिंतीला चिकटलेला जुनाट थर आढळत नाही. जाहिरातींतील छायाचित्रांत मळ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या रबरासारख्या लांब पट्ट्या अनेकदा धुलाईसोबत घ्यायला दिलेल्या इसबगोल आणि बेंटोनाइट मातीपासूनच तयार होतात, कारण हे दोन्ही पदार्थ पाण्यात फुगून आतड्याचा आकार घेतात. बद्धकोष्ठात मळ कडक होऊन अडकतो, विशेषतः वृद्धांमध्ये, हे खरे आहे. परंतु तो निदान करता येणारा वेगळा विकार आहे आणि त्यावर ठरलेले उपचार आहेत.

दुसरे विधान विषाचे, आणि सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ही कल्पना एके काळी वैद्यकातच मान्य होती. 19व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये शार्ल बुशार यांनी आतड्यातून होणाऱ्या स्वविषबाधेचा सिद्धांत मांडला, आणि लंडनचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर केवळ बद्धकोष्ठासाठी रुग्णांचे मोठे आतडे काढून टाकण्यापर्यंत मजल गाठली. 1919 साली अमेरिकेतील डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनी या सिद्धांताच्या मर्मावर बोट ठेवले. शौच झाल्याबरोबर डोके हलके होते. लक्षणे रक्तातील विषामुळे असती, तर ती इतक्या झटकन ओसरली नसती, कारण रक्त शुद्ध व्हायला वेळ लागतो. पुढे 1922 मध्ये डोनाल्डसन यांच्या प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या गुदाशयात नुसता कापूस भरला असता बद्धकोष्ठासारखीच लक्षणे निर्माण झाली. कापसात विष नव्हते. गुदाशय ताणला गेल्याचा तो परिणाम होता. धुलाईनंतर जाणवणारा हलकेपणा म्हणूनच खरा असतो, पण तो विष निघून गेल्याचा पुरावा ठरत नाही.

आतड्यातील जिवाणू अमोनियासारखी हानिकारक द्रव्ये तयार करतात, हे कोणी नाकारत नाही. परंतु आतड्यातून निघणारे रक्त बहुतांशी प्रथम यकृतात जाते, तेथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. यकृत निकामी होत आलेल्या सिऱ्होसिसच्या रुग्णांमध्ये ही व्यवस्था कोलमडते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. अशा रुग्णाला डॉक्टर लॅक्ट्युलोज हे अमोनिया कमी करणारे औषध देतात. येथे द्रव्याचे नाव ठाऊक आहे, ते रक्तात मोजता येते आणि औषध कसे काम करते हेही समजलेले आहे. जाहिरातीतील विषाला मात्र नाव नसते आणि बैठकीच्या आधी व नंतर ते मोजलेही जात नाही. विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारावा: नेमके कोणते द्रव्य, आणि ते किती कमी झाले?

वजन घटल्याचा दावा थोडक्यात निकालात निघतो. अन्नातील बहुतेक उष्मांक लहान आतड्यातच शोषले जातात, आणि हे पाणी तेथपर्यंत जात नाही. वजनकाटा कमी दाखवतो ते वजन मळाचे असते, चरबीचे नव्हे.

उपचार नैसर्गिक असल्यामुळे निर्धोक आहे, हे विधान सर्वांत घातक आहे. आतड्याला छिद्र पडणे, रक्तातील सोडियम-पोटॅशियमचे संतुलन बिघडणे आणि उपकरणांतून जंतुसंसर्ग होणे, हे धोके वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. 1978 ते 1980 या काळात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका कायरोप्रॅक्टिक (हाताने पाठीच्या कण्यावर उपचार करणाऱ्या) चिकित्सालयात हा उपचार घेतलेल्या किमान 36 जणांना अमीबाजन्य आजार झाला. त्यांतील 10 जणांवर आतड्याचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि 6 जण दगावले. संसर्ग दूषित यंत्रातून पसरला होता. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांना, आतड्याला सूज किंवा मूळव्याध असणाऱ्यांना, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि गर्भवतींना धोका अधिक असतो.

महाराष्ट्रात आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: आयुर्वेदात बस्ती आहे आणि गांधीजी, ज्यांनी 1946 मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले, तेही एनिमा घेत असत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून यंत्राचे समर्थन होत नाही. बस्तीत रुग्णाची प्रकृती पाहून ठरावीक मात्रेत काढा किंवा तेल गुदद्वारातून देतात, आणि ती कोणाला देऊ नये हेही ग्रंथांत सांगितलेले आहे. साधा एनिमा म्हणजे थोडे पाणी. जुन्या उपचाराचे नाव घेऊन नव्या यंत्राला मान्यता मिळवणे त्या परंपरेवरही अन्याय करणारे आहे, आणि परंपरेतल्या उपचारालाही पुराव्याची कसोटी लागतेच.

मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर गुदद्वारातून पाणी देण्याची पद्धत शिकवतात, ती एका निश्चित त्रासासाठी असते. सर्वसाधारण बद्धकोष्ठासाठी कडधान्ये, भाज्या, पुरेसे पाणी, चालणे आणि गरजेनुसार रेचक हे मार्ग आहेत. मात्र शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, हिमोग्लोबिन कमी होणे किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे ही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. धुलाईच्या बैठकांत गेलेले महिने अशा रुग्णाला परत मिळत नाहीत. त्याने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि त्यांनी सांगितल्यास कोलोनोस्कोपीही लांबणीवर टाकू नये.