कासचा गाळ आणि चोवीस लाख रुपये: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डोंगरमाथ्यावरच्या पाणथळींतील गाळावरून प्राचीन हवामानाचा अभ्यास करणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिक निधी मिळावा, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. पावसाच्या दीडशे वर्षांच्या नोंदी हाताशी असताना चिखल उकरायचा कशाला, हा पहिला. एका विद्यार्थ्यावर पाच वर्षांत चोवीस लाख रुपये जातात आणि तेवढ्यात मराठवाड्यात कितीतरी शेततळी होतील, हा दुसरा. फेलोशिप चालू राहावी म्हणून ही मुले काम लांबवतात, हा तिसरा.

हवामान खात्याची स्थापना 1875 सालची आहे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेली देशभराच्या पावसाची मालिका 1871 पासून सुरू होते. या नोंदींचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु मान्सून शतकानुशतके क्षीण झाल्याचे कालखंड होऊन गेले आहेत आणि दीडशे वर्षांच्या मालिकेत असा एकही संपूर्ण कालखंड मावत नाही. पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज देणारी संगणकीय प्रारूपे विश्वासार्ह आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी त्यांना 6,000 आणि 21,000 वर्षांपूर्वीचे हवामान मांडायला लावतात आणि ते प्रत्यक्ष पुराव्याशी ताडून पाहतात. हा पुरावा कुठून तरी यावा लागतो. मेघालयातील मावम्लूह गुहेत चुनखडीचे लवणस्तंभ होते आणि त्यांच्या थरांत जुन्या पावसाची नोंद राहिली होती, म्हणून 2018 मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतील एका युगाला मेघालयाचे नाव मिळाले. आपला सह्याद्री बसाल्टचा. अशा गुहा इथे नाहीत. सागाच्या खोडातील वलये फार तर काही शतके मागे नेतात. त्यापलीकडे जायचे, तर माथ्यावरच्या खोलगट जागी साचलेल्या गाळाखेरीज आपल्यापाशी फारसे काही उरत नाही.

हा गाळ काय सांगू शकतो, याचे चांगले उदाहरण दक्षिणेतील निलगिरी पर्वताचे आहे. आर. सुकुमार, आर. रमेश या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दलदलींतील पीटमधल्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतल्या) कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचा, अभ्यास करून 1993 मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. झाडेझुडपे आणि उष्ण, कोरड्या हवेत तग धरणारी गवते कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने बांधतात, त्यामुळे वनस्पती कुजून गेली तरी ती कोणत्या गटातली होती हे ओळखता येते. हिमयुगाच्या ऐन भरात तिथे गवतांचे राज्य होते आणि नंतर मान्सून बळावल्यावर चित्र पालटले, हे या अभ्यासातून दिसले. आपल्या कास पठारावरच्या हंगामी तळ्याच्या गाळाचाही अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिरुवनंतपुरमच्या सहकाऱ्यांसह केला आहे. तो गाळ सुमारे 8,000 वर्षे मागे जातो. त्यातील परागकण आणि डायटम (सिलिकेचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले) यांवरून कोरडे कालखंड तर कळलेच, शिवाय अलीकडच्या हजारेक वर्षांत माणसाचा आणि गुराढोरांचा वावर पाण्यात कसा उतरत गेला, याच्या खुणाही सापडल्या.

आता पैशांविषयी. आपला हिशेब बरोबर आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेल्या विद्यार्थ्याला 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतरची तीन वर्षे 42,000 रुपये मिळतात. घरभाडे भत्ता सोडून ही बेरीज बरोबर 24 लाख होते. पण हे पैसे विद्यार्थ्याच्या निर्वाहाचे आहेत. त्या वयात तो नोकरीला लागला असता तर एवढे मिळालेच असते आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नसते. गाळाच्या कामासाठी यातला एक रुपयाही नसतो. त्यासाठी आकस्मिक खर्चाची रक्कम असते आणि सीएसआयआर या केंद्रीय वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या फेलोशिपमध्ये ती वर्षाला 20,000 रुपये आहे. रेडिओकार्बनने, म्हणजे उरलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून, एका नमुन्याचे वय काढायला परदेशी प्रयोगशाळा काही शे डॉलर घेतात आणि आपल्याकडे त्वरकयंत्रावर (हे अणू मोजणाऱ्या मोठ्या यंत्रावर) हे काम दिल्ली, अहमदाबाद अशा मोजक्याच ठिकाणी होते. मीटरभर गाळ आठ हजार वर्षांत साचला असेल, तर एका सेंटीमीटरात सरासरी 80 वर्षे असतात. दोन ज्ञात वयांच्या मधला गाळ एकसारख्या वेगाने साचला असे धरून चालावे लागते. पैशांअभावी वये तीनच काढली, तर एखादा दुष्काळ पाचशे वर्षे इकडचा तिकडे होऊ शकतो. चोवीस लाख खर्चून आपण माणूस तयार करतो आणि शेवटच्या दोन-तीन लाखांसाठी त्याचे काम कच्चे ठेवतो, याचे मला अतिशय वाईट वाटते. खरी उधळपट्टी ही आहे. शेततळ्यांना माझा विरोध कसा असेल? मात्र सलग किती कोरडी वर्षे धरून पाण्याचे नियोजन करायचे, हा प्रश्न त्या शेततळ्यांनाही चुकत नाही.

आपला तिसरा आक्षेप मला सर्वांत लागला. कासचा समावेश 2012 पासून जागतिक वारसा स्थळांत आहे, तेव्हा तिथे गाळाचा नमुना काढण्याची नळी रोवायची तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. पावसाळ्यात तळे भरलेले असते, म्हणून नमुना उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर घ्यायचा. परवानगीचा कागद जूनमध्ये हातात पडला की अख्खे वर्ष गेले; फेलोशिपचे घड्याळ मात्र थांबत नाही. पुढे प्रत्येक सेंटीमीटरचा काप वेगळा करायचा, परागकणांभोवतीची सिलिका विरघळवण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरायचे, जे कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते, आणि मग एकेका काचपट्टीवर तीनशेच्या आसपास परागकण ओळखून मोजायचे. गवताचे परागकण एकमेकांसारखे दिसतात. अंजनीचा आणि जांभळाचा परागकण वेगळा ओळखायला नजर तयार व्हावी लागते आणि त्यासाठी आजच्या झाडांचे परागकण गोळा करून संदर्भसंग्रह आधी उभा करावा लागतो. एवढे करूनही फेलोशिपचे हप्ते महिनोन्महिने अडकतात; उसनवारीवर खोलीचे भाडे भरणारी मुले मी पाहिली आहेत. मुदत लांबली तर त्यांचेच नुकसान होते, कारण पाच वर्षांनंतर पैसे बंद होतात. केंद्रीय विद्यापीठांत ‘नेट’ या पात्रता परीक्षेशिवाय आलेल्यांना तर दरमहा 8,000 रुपयांवर भागवावे लागते.

म्हणून माझी मागणी सरसकट फेलोशिप वाढवा अशी नाही. वयमापनासाठी खर्चाचे वेगळे शीर्षक असावे, त्याचे पैसे विद्यार्थ्याच्या हाती न देता थेट प्रयोगशाळेकडे जावेत, आणि परवानगीअभावी हुकलेला हंगाम मुदतीत धरू नये, एवढेच मी म्हणत आहे.

सरकारी पैशांवर झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा गोषवारा मराठीत मिळावा, ही आपली सूचना मला पूर्ण मान्य आहे. त्यात मी एक भर घालेन: गोषवाऱ्यासोबत कोणत्या खोलीवरच्या नमुन्याचे किती वय आले, त्याचा तक्ताही खुला असावा, म्हणजे त्याच तळ्यावर पुढे काम करणाऱ्याला ते पैसे पुन्हा खर्च करावे लागणार नाहीत.