मित्राला चांगल्या ठिकाणी जेवायला कसं न्यावं

जुन्या मित्राचा फोन आला आणि तो म्हणाला, "अरे, एकदा निवांत भेटू, जरा बोलायचंय," की सावध व्हा. बोलायचंय म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते बहुधा पगारवाढीचं नसणार. अशा माणसाला घरी बोलावणं धोक्याचं. पिठलं-भाताचे चार घास पोटात गेले की माणूस मोकळा होतो. अमृततुल्यही टाळा, तिथे अर्ध्या कपावर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. त्याला थेट पुण्यातल्या प्रभात रोड किंवा भांडारकर रोडच्या एखाद्या गल्लीत न्या. तिथे जुन्या बंगल्यांची आता देखणी रेस्टॉरंट झाली आहेत. अंगणातलं तुळशीवृंदावन वारसा म्हणून राखलेलं असतं, फक्त आत रोजमेरी लावलेली असते.

टेबल आधी बुक करा. आठचं मिळालं तर उत्तम, कारण फोनवरची मुलगी गोड आवाजात बजावते की साडेनऊला टेबल सोडावं लागेल. मित्राच्या मनातलं जे काही असेल त्याला दीड तासाची मुदत आपोआप पडते, आणि वाईटपणा आपल्याकडे येत नाही.

बसल्याबसल्या मेन्यू मागायची चूक करू नका. तो मिळत नाही. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो. दोघांनीही आपापल्या फोनमध्ये डोकं घालायचं, हीच तर सोय. मित्र उजवीकडची किंमत बघून डावीकडचा पदार्थ ठरवतोय हे तुमच्या लक्षात येईल. अशा वेळी "काहीही मागव रे, किमतीकडे बघू नकोस" असं जरा मोठ्याने म्हणा. त्यानंतर तो फक्त सूप मागवेल.

मग तो घसा खाकरून सुरुवात करेल. "आई हल्ली मला कधीकधी…" इथे घाबरून जायचं कारण नाही, वेटर येतोच. "सर, स्टिल ऑर स्पार्कलिंग?" साधं पाणी मागता येतं, पण ते शब्द त्या उजेडात तोंडातून फुटत नाहीत, त्यामुळे बाटली घ्या. बाहेरच्या दुकानापेक्षा ती बरीच महाग असते म्हणून मनात हिशेब करत बसू नका. हॉटेलवाला छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतो, कारण तो नुसतं पाणी विकत नाही, जागा आणि सेवाही देतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017च्या डिसेंबरातच सांगून ठेवलंय. ही माहिती मित्राला सविस्तर द्या. आईचं वाक्य मागे पडतं.

वाइनने तर दहा मिनिटं सहज निघतात. वेटर ग्लासात घोटभर ओतून थांबतो. ते आवडली का हे विचारण्यासाठी नसतं, वाइन बिघडलेली नाही ना, बुचाचा कुबट वास येत नाही ना, हे बघण्यासाठी असतं. नाशिकच्या बाटलीला बऱ्याचदा फिरकीचं झाकण असतं, म्हणजे बूचच नसतं. तरीही नाक ग्लासात घालून डोळे मिटा. डोळे मिटले की समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

पदार्थ आला की लगेच हात लावू नका, आधी त्याची कुळकथा ऐका. शेफच्या आजीचं थालीपीठ, आता नाण्याएवढं, वर लोण्याचा फेस. चीज बुराटा, म्हणजे मूळचं इटलीतल्या पुलियाचं. वर ट्रफल ऑइलचे तीन थेंब. बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये ट्रफल नसतंच, प्रयोगशाळेत केलेला वास तेवढा असतो. पण हे आपल्याला ठाऊक आहे असं दाखवायचं नाही. आता फोटो. मित्राला ताट जरा डावीकडे सरकवायला सांगा, त्याचा हात चौकटीत येतोय. तो म्हणेल, "परवा तर तिने मलाच विचारलं, तुम्ही कोण म्हणून." मान हलवा, आणि "फ्लॅश नको ना रे, आहे तोच उजेड बरा?" असं विचारा. तो "हो, बरा आहे" म्हणेल. अशी माणसं स्वभावाने भिडस्त असतात, म्हणून तर ही पद्धत चालते.

दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन "एव्हरीथिंग ओके?" विचारून जाईल. दरवेळी मित्राआधी तुम्हीच "फँटास्टिक" म्हणा.

बिलात दहा टक्के सेवा शुल्क आणि वाइन सोडून बाकी रकमेवर पाच टक्के जीएसटी दिसेल. जीएसटी सरकारचा, तो चुकत नाही. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते बिलात आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे "हे काढा" एवढंच म्हटलं तरी पुरतं. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं हुज्जत घालणारे आपण, इथे मात्र न वाचता कार्ड ठेवायचं. मित्र पाकीट काढेल, त्याचा हात धरा, दोघांनी थोडी झटापट करा. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची मुलं एव्हाना टीटीएमएम करून, आपापले पैसे यूपीआयने भरून, आपली रडगाणी गात अंगणात उभी असतील. त्यांच्याकडे बघू नका.

साडेनऊला वेटर नम्रपणे टेबल पुसू लागला की मित्र म्हणेल, "बोलायचं राहिलंच की रे." तुम्ही मनापासून चुकचुका. "पुढच्या वेळी नक्की, निवांत." वॅले तुमची गाडी आणेपर्यंत त्याची रिक्षा आलेली असते.

घरी पोचायच्या आत रिव्ह्यू टाका. वातावरण शांत, जुन्या मित्राशी मनमोकळ्या गप्पांसाठी अप्रतिम जागा. एक स्टार मात्र कापाच, कारण मधल्या एका सबंध पंधरा मिनिटांत वेटर फिरकलाच नव्हता आणि तुमची फार पंचाईत झाली होती.