परवानाधारकाला घुसखोर ठरवणारा दावा

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बेकायदा स्थलांतरितांना पोलीस केले जाणार आणि ते अमेरिकी नागरिकांना अटक करणार, असा दावा २०२३ पासून सतत फिरतो आहे. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी त्या वर्षीच्या जुलै महिन्यात काही बिगर-नागरिकांना पोलीस होण्यासाठी अर्ज करू देणाऱ्या एका विधेयकावर सही केली आणि १ जानेवारी २०२४ पासून तो कायदा लागू झाला, एवढेच त्यात खरे आहे.

मुळात ‘बेकायदा’ हा शब्दच चुकीचा आहे. केंद्रीय कायद्यानुसार ज्याला काम करण्याची परवानगी आहे, अशाच बिगर-नागरिकाला अर्ज करता येतो आणि नागरिकत्वाची अट सोडून बाकीच्या सर्व अटी त्याला इतरांइतक्याच लागू होतात. यात ग्रीन कार्डधारक येतात, तसेच वयाची १६ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अमेरिकेत आलेले आणि २०१२ च्या ‘डाका’ (DACA, म्हणजे लहानपणी आलेल्यांची हद्दपारी लांबणीवर टाकणाऱ्या) धोरणाखाली कामाचा परवाना मिळालेले तरुणही येतात. डाकाधारकांना कायम रहिवाशाचा दर्जा नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण सरकारने ज्याची माहिती तपासून हातात परवाना दिला, त्याला चोरून सीमा ओलांडून लपून राहिलेल्या माणसाच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे.

दुसरा मुद्दा बंदुकीचा. केंद्रीय कायदा बेकायदा राहणाऱ्यांना शस्त्र बाळगू देत नाही, मग हे पोलीस कसे होणार, असे विचारले जाते. उत्तर इलिनॉयच्या कायद्यातच आहे: उमेदवाराला केंद्रीय कायद्यानुसार शस्त्र बाळगता येत असले पाहिजे. ग्रीन कार्डधारकाला ते येते. डाकाधारकाच्या बाबतीत सरकारी कामासाठी दिलेल्या शस्त्राला केंद्रीय कायद्यात असलेल्या सवलतीचा आधार घेतला जातो, आणि ती सवलत तेवढ्यापुरतीच आहे. कमरेला लावलेले खात्याचे पिस्तूल त्याला चालते, पण दुकानात जाऊन स्वतःसाठी दुसरे विकत घेता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने असे पोलीस नेमण्यास बंदी घातली आहे, हा दावाही निकाल अर्धवट वाचून केलेला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पोलीस दलाविषयीच्या १९७८ च्या फोली विरुद्ध कॉनेली या खटल्यात न्यायालयाने राज्याला नागरिकत्वाची अट ‘घालता येते’ असे म्हटले, ‘घातलीच पाहिजे’ असे म्हटले नाही. कॅलिफोर्नियाने ती अट काढली आणि तो बदल २०२३ च्या आरंभी अमलात आला.

निष्ठेचा प्रश्न मात्र गंभीर आहे, कारण पोलिसाला माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार असतो. पण ग्रीन कार्डधारक अमेरिकी सैन्यात भरती होतात आणि युद्धात जीवही देतात. त्यांची निष्ठा रणांगणावर पुरेशी असेल, तर रस्त्यावरच्या गस्तीसाठी ती अपुरी कशी ठरते, याचे उत्तर दावा करणाऱ्यांकडून मला अजून मिळालेले नाही. अटक करणारा पोलीस स्वतःच्या पासपोर्टच्या बळावर अटक करत नाही. तो कायद्याने दिलेला अधिकार वापरतो, आणि त्या अधिकाराचा गैरवापर केल्यास नागरिक असो वा नसो, त्याला न्यायालयापुढे उभे राहावेच लागते.

खरी कमजोरी वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये मेन राज्यातील एका लहान शहराच्या राखीव पोलिसाला स्थलांतर खात्याने अटक केली. त्याच्या व्हिसाची मुदत उलटली होती असे खात्याने सांगितले, तर केंद्र सरकारच्याच पडताळणी यंत्रणेने त्याला कामासाठी पात्र ठरवले होते असे शहराने सांगितले. दोन सरकारी नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तर तो दोष नोंदी ठेवणाऱ्यांचा आहे. डाकाचा परवाना दर २ वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो, म्हणून मुदत संपण्याच्या कितीतरी आधी पोलीस खात्याने स्वतः फेरतपासणी करावी आणि नूतनीकरण रखडले तर त्या कर्मचाऱ्याला तेवढ्या काळापुरते गस्तीवरून बाजूला ठेवावे, ही मागणी विरोधकांनी केली असती, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.